विश्लेषण : इमारतीच्या सुरक्षेवर सही करणाऱ्यांना कोण तपासते? महाडचा धडा, माणगावचा प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की नगर परिषदा आणि नगरपंचायती धोकादायक इमारतींची यादी काढतात, भिंतींवर नोटिसा चिकटवतात आणि रहिवाशांना घरे रिकामी करायला सांगतात. या यादीत बहुतेक जुन्या, पोपडे निघालेल्या इमारती असतात. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये कोसळलेली ‘तारिक गार्डन’ ही इमारत मात्र जुनी नव्हती. तिच्यामागे बांधकाम व्यावसायिक होता, वास्तुविशारद होता, आरसीसी सल्लागार होता आणि नगर परिषदेची यंत्रणाही होती. तरीही १६ जीव गेले. कायद्याने मागितलेल्या सह्या प्रत्यक्षात कशाची हमी देतात आणि त्या सह्या करणाऱ्यांवर लक्ष कोण ठेवते, याचा हा आढावा.

महाडमध्ये काय घडले होते?

महाडच्या काजळपुरा भागातील ही पाच मजली इमारत सायंकाळी कोसळली. तिच्यात चाळीसहून अधिक सदनिका होत्या. इमारत हलत असल्याचे जाणवताच अनेक रहिवासी बाहेर धावले, म्हणून मृतांचा आकडा आणखी वाढला नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्यांनी दोन दिवस ढिगारा उपसला. चार वर्षांच्या एका मुलाला सुमारे १९ तासांनी जिवंत बाहेर काढण्यात आले. एक वृद्ध महिला त्याहूनही अधिक वेळ ढिगाऱ्याखाली राहून बचावली.

पोलिसांनी बांधकाम व्यावसायिक, वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार, नगर परिषदेचे तत्कालीन मुख्याधिकारी आणि बांधकामाशी संबंधित कर्मचारी यांच्याविरुद्ध सदोष मनुष्यवधासह विविध कलमांखाली गुन्हा नोंदवला. दोष कोणाचा आणि किती, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. पण आरोपींची ही यादीच बरेच काही सांगते. इमारत उभी करताना ज्यांच्या सह्या लागतात, त्या जवळजवळ सर्वांची नावे एकाच तक्रारीत आली.

ही घटना इतर दुर्घटनांपेक्षा वेगळी का?

एप्रिल २०१३ मध्ये शिळफाट्याजवळ बांधकाम सुरू असलेली इमारत कोसळून ७४ जण मरण पावले. ती अनधिकृत होती. सप्टेंबर २०२० मध्ये, महाडनंतर महिनाभरातच, भिवंडीतील जिलानी इमारत कोसळली आणि ३८ जणांचा मृत्यू झाला. ती तीन दशकांहून अधिक जुनी होती. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारच्या रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ जण दगावले. तीही अनधिकृतच.

अशा प्रत्येक घटनेनंतर ‘इमारत अनधिकृत होती’ किंवा ‘जीर्ण झाली होती’ हे उत्तर तयार असते. महाडच्या बाबतीत ही दोन्ही उत्तरे पुरत नाहीत. इमारत उभी राहून जेमतेम दशकभर झाले होते आणि कागदांवर तज्ज्ञांची नावे होती. म्हणून परवानगी होती का, एवढे विचारून भागत नाही. परवानगीच्या प्रक्रियेत इमारतीची मजबुती नेमकी कोणत्या टप्प्यावर तपासली जाते, हे पाहावे लागते.

माणगावकरांनी याकडे का पाहावे?

महाड मुंबई-गोवा महामार्गाने माणगावपासून ३० किलोमीटरच्या आत आहे. महाडमधील सत्र खटल्यांसाठी माणगावचेच न्यायालय आहे आणि तारिक गार्डन प्रकरणातील जामीन अर्जही तेथेच आले होते. म्हणजे या दुर्घटनेची कायदेशीर बाजू माणगावने जवळून पाहिली आहे.

दुसरे कारण पुढचे आहे. महामार्ग आणि कोकण रेल्वेचे स्थानक यांमुळे माणगाव हे दक्षिण रायगडचे बाजारपेठेचे गाव झाले आणि ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील १२ औद्योगिक शहरांना मंजुरी दिली, त्यात दिघी बंदर औद्योगिक क्षेत्राचा समावेश आहे. माणगाव आणि रोहा परिसर या क्षेत्राशी जोडलेला आहे. उद्योग आले की कामगार येतात, भाड्याच्या खोल्या लागतात, दुकानांवर मजले चढतात. बांधकामाचा वेग वाढेल, पण तो तपासणारी यंत्रणा त्याच वेगाने वाढेल का, हा प्रश्न आहे.

तिसरे कारण हवामानाचे. रायगडमध्ये वर्षाला सरासरी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. स्लॅबमध्ये किंवा कॉलममध्ये पाणी मुरले की सळई गंजते. गंजलेल्या लोखंडाचे आकारमान वाढते, ते काँक्रीटला आतून फाडते आणि पोपडे निघू लागतात. खाडीची वाळू नीट न धुता वापरली, तर तिच्यातील क्षार ही प्रक्रिया आणखी वेगाने घडवतात. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने याच पट्ट्याला झोडपले होते आणि डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जुनी पिढी विसरलेली नाही. कोकणात काँक्रीटमधील चूक लपून राहते, पण फार काळ नाही.

एका इमारतीमागे किती सह्या असतात?

ढोबळमानाने पाच. वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंता नकाशे तयार करून ते नियमांत बसत असल्याचे प्रमाणित करतो. स्ट्रक्चरल इंजिनीअर, ज्याला आपल्याकडे सर्रास ‘आरसीसी कन्सल्टंट’ म्हणतात, तो पाया, कॉलम, बीम आणि स्लॅबचे गणित मांडतो. कॉलमचे माप किती, त्यात सळया किती आणि किती जाडीच्या, हे तो ठरवतो. साइट सुपरवायझरने काम नकाशाप्रमाणे होते आहे यावर देखरेख ठेवायची असते. बांधकाम व्यावसायिक किंवा ठेकेदार प्रत्यक्ष काम करून घेतो. शेवटी नगरपंचायत, नगर परिषद किंवा शहराबाहेर जिल्हाधिकारी कार्यालय बांधकाम परवानगी देते, जोते तपासते आणि काम पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र देते.

ऐकायला ही साखळी भक्कम वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक कडी पुढच्या कडीच्या कागदावर विसंबते. नगरपंचायतीत नकाशा आला की समास किती सोडले, चटई क्षेत्र किती, पार्किंग किती, रस्त्याची रुंदी किती, हे पाहिले जाते. कॉलममधील सळया पुरेशा आहेत का, याचे गणित तेथे साधारणपणे पुन्हा मांडले जात नाही. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनीअरचे प्रमाणपत्र जोडले आहे ना, एवढे बघितले जाते. इंजिनीअर डिझाइन देतो, पण स्लॅब भरताना तो साइटवर असेलच असे नाही. वास्तुविशारद म्हणतो, ‘स्ट्रक्चर माझे काम नाही.’ ठेकेदार म्हणतो, ‘मला जे ड्रॉइंग दिले त्याप्रमाणे केले.’ इमारत पडली की ही सगळी वाक्ये न्यायालयात एकामागून एक ऐकायला मिळतात.

वास्तुविशारद कायदा नेमके काय करतो?

देशात वास्तुविशारदांसाठी १९७२ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार वास्तुकला परिषद स्थापन झाली. मान्यताप्राप्त पदवी असलेल्यांची नोंदणी ही परिषद करते आणि १९८९ च्या आचारसंहितेनुसार गैरवर्तणुकीच्या तक्रारी ऐकते. दोषी ठरल्यास समज देणे, काही काळ निलंबन किंवा नोंदवहीतून नाव काढणे, अशा शिक्षा आहेत.

पण हा कायदा ज्याचे संरक्षण करतो ते आहे ‘वास्तुविशारद’ हे नाव. कलम ३७ नुसार नोंदणी नसलेल्या व्यक्तीला ही उपाधी वापरता येत नाही. नोंदणी नसलेल्याने इमारतीचा आराखडाच करू नये, असे मात्र कायदा म्हणत नाही. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोएडा प्राधिकरणाशी संबंधित प्रकरणात हे स्पष्ट केले. नोंदणी नसलेल्याला वास्तुविशारद म्हणवून घेता येणार नाही, पण आराखडे करण्याच्या कामाला या कायद्याने बंदी घातलेली नाही, असा त्या निकालाचा अर्थ.

याला दुसरी बाजूही आहे. संसदेने हा कायदा करताना अभियंते आणि छोट्या गावांतील आराखडे करणारे यांचे काम बंद पडू नये, हा विचार केला होता. साध्या घरासाठीही प्रत्येकाला वास्तुविशारद नेमणे परवडणारे नाही. त्यामुळे कामावर मक्तेदारी न देता फक्त नावाला संरक्षण देण्यात आले. हा निर्णय समजण्यासारखा आहे. पण त्यातून एक पोकळी राहिली. नाव चुकीचे वापरले तर मूळ कायद्यात पहिल्या वेळेस ५०० रुपयांपर्यंत दंड आहे, पण काम चुकीचे केले तर लोकांचे संरक्षण कोण करणार, हे या कायद्याच्या केंद्रस्थानी नाही.

मग स्ट्रक्चरल इंजिनीअरवर नियंत्रण कोणाचे?

इमारत उभी राहते ती स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या गणितावर. तरीही डॉक्टरांसाठी वैद्यकीय आयोग, वकिलांसाठी बार कौन्सिल किंवा वास्तुविशारदांसाठी परिषद आहे, तशी अभियंत्यांची नोंदणी करणारी केंद्रीय वैधानिक संस्था देशात आजवर उभी राहिलेली नाही. व्यावसायिक अभियंत्यांसाठी कायद्याचे मसुदे वेळोवेळी चर्चेत आले, पण ते मसुदेच राहिले.

त्यामुळे परवाना देण्याचे काम स्थानिक प्राधिकरणांकडे येते. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत अभियंता, स्ट्रक्चरल इंजिनीअर आणि सुपरवायझर यांची पात्रता, त्यांनी कोणती कामे करायची आणि त्यांची कर्तव्ये काय, हे दिले आहे. नियम कागदावर आहेत. पण एका गावात काळ्या यादीत गेलेला तंत्रज्ञ शेजारच्या तालुक्यात सही करतो का, हे सामान्य माणसाने कोठे पाहायचे? घर घेणाऱ्याला डॉक्टरची नोंदणी तपासता येते, पण ज्याच्या गणिताखाली तो झोपणार आहे त्या इंजिनीअरचा पूर्वेतिहास त्याला एका ठिकाणी सहज सापडत नाही.

परवानगी सोपी झाली, जबाबदारीचे काय?

डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित नियमावलीने छोट्या बांधकामांची परवानगी सोपी केली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर परवानाधारक तंत्रज्ञामार्फत नकाशे व कागदपत्रे सादर करून शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी मानली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडांसाठी तंत्रज्ञाच्या प्रमाणपत्रावर १० दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. २०२१ मध्ये ग्रामीण भागातही ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांसाठी नगररचना विभागाकडे जाण्याची गरज नाही, असा निर्णय झाला. तेथेही वास्तुविशारद किंवा अभियंत्याचे प्रमाणपत्र महत्त्वाचे ठरते.

हा बदल लोकांच्या सोयीचा आहे, यात शंका नाही. एका घराच्या परवानगीसाठी महिनोन्‌महिने खेटे घालणे आणि त्यातून होणारी चिरीमिरी यांना लोक कंटाळले होते. परवानगी अवघड असली की लोक परवानगीशिवाय बांधतात, हाही अनुभव आहे. पण शासनाने स्वतःची तपासणी कमी करून खासगी तंत्रज्ञाच्या सहीवर भार टाकला, तेव्हा त्या सहीची तपासणी तेवढीच वाढायला हवी होती. त्यासाठी अचानक पाहणी, यादृच्छिक फेरतपासणी आणि खोट्या प्रमाणपत्रावर जलद कारवाई लागते. स्वप्रमाणन चालते ते प्रमाणित करणाऱ्याला पकडले जाण्याची धास्ती असेल तरच.

तीस वर्षांचा नियम आणि पाच वर्षांची हमी

महापालिका कायद्यातील कलम २६५ अ आणि मुंबई महापालिका कायद्यातील कलम ३५३ ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, करून स्थैर्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतीचे दर तीन वर्षांनी ऑडिट करण्याची तरतूद आहे. पण गृहनिर्माण संस्थाच नोंदवली नसेल, तर उपविधी लागू करणार कोण? आणि १५ वर्षे पूर्ण न झालेली इमारत या दोन्ही चाळण्यांतून सुटते. महाडची इमारत अशीच सुटणारी होती.

खरेदीदाराच्या बाजूने ‘रेरा’ कायदा आहे. त्याच्या कलम १४ नुसार ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत संरचनेतील दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. महारेराकडे वास्तुविशारद आणि अभियंता यांची प्रमाणपत्रेही द्यावी लागतात. पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पांना नोंदणीतून सूट आहे. माणगावसारख्या गावात एखाद्या कुटुंबाच्या जागेवर खाली दुकाने आणि वर सहा-आठ घरे, असे प्रकल्प नेहमीचे असतात. म्हणजे ज्या आकाराच्या इमारती छोट्या शहरांत जास्त उभ्या राहतात, नेमक्या त्याच या छत्रीबाहेर राहू शकतात.

यातून एक विचित्र चित्र तयार होते. पहिली पाच वर्षे काही इमारतींना रेराचे संरक्षण, त्यानंतर पंधराव्या वर्षापर्यंत ऑडिटची सक्ती नाही आणि पुढे ती संस्था नोंदवली असेल तर. सळईचा गंज मात्र कायद्याचे वेळापत्रक पाहून लागत नाही.

वास्तुविशारदांची बाजू

दुर्घटना झाली की वास्तुविशारदाचे नाव पहिल्या ओळीत येते, पण साइटवर त्याचे किती चालते, असा या व्यवसायातील लोकांचा सवाल असतो. छोट्या शहरांत अनेकदा वास्तुविशारदाला फक्त मंजुरीच्या नकाशापुरते नेमले जाते. परवानगी मिळाली की त्याचे काम संपले, असे मालक मानतो. पुढे कॉलम सरकवले, वरचा मजला वाढवला, दुकानासाठी भिंत पाडली, तरी त्याला कळतही नाही. मोबदला कमी आणि जबाबदारी पूर्ण, हे न्याय्य नाही, हा मुद्दा रास्त आहे.

पण त्यावर उत्तरही आहे. देखरेख आपल्याकडे नसेल तर तसे लेखी कळवणे आणि काम सोडले असेल तर प्राधिकरणाला सांगणे, हे व्यावसायिकाचे कर्तव्य आहे. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही करायची आणि नंतर ‘मी साइटवर नव्हतो’ म्हणायचे, या दोन गोष्टी एकत्र चालत नाहीत. सही ही मोबदल्याची पावती नसते. जी व्यक्ती ती इमारत विकत घेणार आहे आणि जिला सळई, सिमेंट यातले काहीच कळत नाही, तिच्या वतीने ती केलेली असते. नोंदणी आणि परवान्याची सारी व्यवस्था याच सार्वजनिक हितासाठी आहे.

जगाने काय धडा घेतला?

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी आग लागून ७२ जण मरण पावले. ब्रिटनमध्येही कायदा ‘आर्किटेक्ट’ या नावाचेच संरक्षण करतो. तेथील चौकशीत दिसून आले की वास्तुविशारद, ठेकेदार, साहित्य पुरवणाऱ्या कंपन्या आणि स्थानिक तपासणी यंत्रणा यांतील प्रत्येकजण दुसरा कोणीतरी पाहत असेल असे गृहीत धरत होता.

त्यानंतर ब्रिटनने २०२२ मध्ये इमारत सुरक्षा कायदा केला. आराखडा आणि बांधकाम यांसाठी नेमकी जबाबदार व्यक्ती कोण, हे ठरवून द्यावे लागते. उंच निवासी इमारतींचे बांधकाम नियामकाच्या मंजुरीशिवाय सुरू करता येत नाही आणि पूर्ण झाल्यावर अंतिम मंजुरीशिवाय तेथे राहायला जाता येत नाही. जुन्या सदोष घरांबाबत दावा करण्याची मुदत ३० वर्षांपर्यंत वाढवण्यात आली. सप्टेंबर २०२४ मधील अंतिम चौकशी अहवालाने संपूर्ण बांधकाम क्षेत्रासाठी एकच नियामक असावा, अशी शिफारस केली.

ब्रिटनची व्यवस्था जशीच्या तशी माणगावला आणता येणार नाही. नगरपंचायतीकडे तेवढे मनुष्यबळ नाही आणि पैसाही नाही. पण ‘जबाबदार कोण’ हे इमारत पडण्याआधी ठरलेले असावे, हे तत्त्व परवडण्यासारखे आहे.

माणगावसारख्या ठिकाणी काय शक्य आहे?

पहिले, नामफलक. बांधकामाच्या जागी परवानगी क्रमांकाबरोबर वास्तुविशारद, स्ट्रक्चरल इंजिनीअर आणि साइट सुपरवायझर यांची नावे व नोंदणी क्रमांक ठळकपणे लागलेच पाहिजेत. फलक नसेल तर काम थांबवण्याइतकी कडक अंमलबजावणी हवी.

दुसरे, बदलाची नोंद. यांपैकी कोणी काम सोडले तर नवी नेमणूक होईपर्यंत पुढचा स्लॅब भरला जाऊ नये.

तिसरे, त्रयस्थ तपासणी. ठरावीक मजल्यांपेक्षा उंच प्रत्येक इमारतीचे डिझाइन दुसऱ्या स्वतंत्र इंजिनीअरने पाहावे आणि काँक्रीटच्या चाचण्या बाहेरच्या प्रयोगशाळेत व्हाव्यात. येथे माणगाव तालुक्याला एक मोठी सोय आहे. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ तालुक्यातच आहे. नगरपंचायतीने अशा संस्थेशी करार करून वर्षाला काही बांधकामांची चिठ्ठी टाकून फेरतपासणी करून घेतली, तरी सही करणाऱ्या प्रत्येकाला आपली फाइल निघू शकते याची जाणीव राहील.

चौथे, पहिले ऑडिट लवकर. कोकणातील पाऊस पाहता इमारतीची पहिली तपासणी दहाव्या वर्षाच्या आतच सक्तीची करण्याचा विचार राज्याने करायला हवा.

पाचवे, राज्यभराची एकच खुली यादी. परवानाधारक अभियंते आणि स्ट्रक्चरल इंजिनीअर, त्यांची कामे आणि त्यांच्यावरील कारवाई मोबाइलवर कोणालाही पाहता आली पाहिजे. महारेराने प्रकल्पांची माहिती संकेतस्थळावर खुली केली, तर तंत्रज्ञांची यादी खुली करणे अशक्य नाही.

घर घेताना किंवा बांधताना काय पाहाल?

फ्लॅट घेत असाल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा. ‘येईल लवकरच’ हे उत्तर मानू नका. मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष मजले जुळतात का, ते मोजा. स्ट्रक्चरल इंजिनीअरचे नाव आणि स्थैर्य प्रमाणपत्राची प्रत विचारा. प्रकल्प रेराखाली येत असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर त्याची माहिती पाहा.

स्वतःचे घर बांधत असाल तर मिस्त्रीच्या अंदाजावर कॉलम उभे करू नका. आरसीसी ड्रॉइंग घ्या आणि त्याची एक प्रत साइटवर ठेवा. भारतीय मानकांनुसार आरसीसीसाठी किमान एम-२० प्रतीचे काँक्रीट लागते. स्लॅब भरण्याआधी सळईखाली कव्हर ब्लॉक बसवले आहेत का, ते स्वतः पाहा. सळई सेंटरिंगच्या फळीला टेकलेली असेल तर तिला गंज लवकर लागणार. काँक्रीट पातळ करण्यासाठी वरून पाणी ओतू देऊ नका, त्याने ताकद कमी होते. किमान सात दिवस, आणि मिश्र सिमेंट असेल तर दहा दिवस, पाणी मारणे आवश्यक आहे. स्लॅबखालचे टेकू गाळ्याच्या लांबीनुसार ७ ते १४ दिवस आणि बीमखालचे १४ ते २१ दिवस हलवायचे नसतात. काँक्रीटचे ठोकळे भरून ठेवा आणि २८ दिवसांनी त्यांची चाचणी करून घ्या. घराच्या एकूण खर्चात हा खर्च नगण्य आहे.

आधीच इमारतीत राहत असाल तर तळमजल्यावरील कॉलमकडे लक्ष ठेवा. कॉलमवर उभ्या भेगा, सळई उघडी पडणे, दारे-खिडक्या अचानक अडकू लागणे, फरशा उचलणे, ही लक्षणे रंगाखाली झाकू नका. दुकान मोठे करण्यासाठी कोणी कॉलम किंवा बीम तासत असेल तर तो त्याच्या गाळ्यापुरता प्रश्न नाही. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

पुढे काय?

जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणामुळे होणाऱ्या मृत्यूची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षे झाली आहे. पण शिक्षा ही मृत्यूनंतरची गोष्ट. वास्तुविशारद, अभियंते आणि प्रशासन यांच्या नियमनाचा खरा उपयोग त्याआधी असतो, म्हणजे कॉलमचा साचा उघडा असताना आणि आतली सळई डोळ्यांना दिसत असताना. काँक्रीट ओतल्यानंतर ती दिसत नाही. महाडसारखा ढिगारा उपसण्याची वेळ आली तरच ती पुन्हा दिसते. तोपर्यंत घर घेणाऱ्याच्या हातात कागदावरची सही एवढाच पुरावा असतो आणि ती सही तपासणारी व्यवस्था माणगावमध्ये बांधकामाची लाट येण्याआधी उभी राहायला हवी.